फॉरमॅट मारल्यानंतर

विलिंग्डन आणि वालचंद या दोन जुन्या महाविद्यालयांमुळे सांगलीच्या विश्रामबागेत विद्यार्थ्यांची कायम वर्दळ असते. संगणक रखडायला लागला की इथला विद्यार्थीही इतर कुठल्याही गावातल्यासारखाच दुकान गाठतो आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतो. नवी विंडोज पडते. डोळस माणसाला चार आयकॉन इकडचे तिकडे झालेले दिसतात, एवढंच. पण ज्याचं सगळं काम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर चालतं, त्या अंध विद्यार्थ्याच्या हाती मुका संगणक येऊ शकतो. स्क्रीन रीडर पुसला गेलेला, साउंड ड्रायव्हर बसलेला नाही, आणि काय बिघडलंय ते सांगणारी सूचना फक्त पडद्यावर!

ही अडचण विंडोजइतकीच जुनी आहे. डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. ती अक्षरं मेमरीतून उचलून आवाजाकडे सोपवली की झालं. मोटरसायकल शर्यतींत उतरणारा टेड हेंटर १९७८ साली कार अपघातात अंध झाला. त्याच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. विंडोजने मात्र पडद्यावरच्या अक्षरांचं चित्र करून टाकलं. मग स्क्रीन रीडरला प्रोग्राम आणि डिस्प्ले ड्रायव्हर यांच्या मध्ये शिरून, काय रेखाटलं जातंय ते वाटेतच टिपून ठेवावं लागलं. ही मागच्या दाराची वाट होती. विंडोजची आतली रचना बदलली की ती बंद व्हायची.

विंडोज ९५ आली तेव्हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने, अंधांना वापरता येत नसेल तर आम्ही ती घेणार नाही, असा इशारा दिला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था दिली आणि प्रोग्रामना आपल्या बटणांची नावं स्क्रीन रीडरला कळवायची अधिकृत वाट मिळाली. सरकारी खरेदीचा धाक काय करू शकतो, याचं हे ठळक उदाहरण आहे. आपल्याकडे तसा धाक फार कमी दाखवला गेला.

त्या काळात जॉजचा परवाना फ्लॉपीवरच्या चावीत असे आणि चाव्या मोजक्याच मिळत. संगणकात उतरवलेली चावी फ्लॉपीवर परत न घेता हार्ड डिस्क फॉरमॅट केली की ती गेलीच.

मराठी वाचकाचं दुखणं आणखी वेगळं होतं. श्रीलिपी, आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये ‘क’ दिसे, पण त्यामागे रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत असे. स्क्रीन रीडर तो संकेतच वाचायचा, त्यामुळे अख्खं मराठी पत्र निरर्थक ऐकू यायचं. विंडोज २००० मध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणारी युनिकोड देवनागरी आणि मंगल फाँट आला, म्हणजे इथे नव्या विंडोजने खरोखर दार उघडलं. पण जुन्या फायली आपोआप बदलल्या नाहीत. त्या रूपांतरित करून घ्याव्या लागतात, आणि ते न केलेला मजकूर अंध वाचकाला आजही बंदच आहे.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. त्याच्यासोबतचा ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. यांत्रिक वाटतो, पण बोलतो. हजार डॉलरच्या आसपास किमतीचा जॉज ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. मात्र एनव्हीडीएलाही विंडोजच्या मागे धावावं लागलं. विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती २०१७.३, विंडोज ७ ची साथ २०२४.१ मध्ये सुटली. मधेच २०१९.३ मध्ये एनव्हीडीए पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेवर गेला आणि जुनी अ‍ॅड-ऑन्स नव्याने जुळवून घ्यावी लागली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हा हीच धावपळ पुन्हा आली. आता एक सोय आहे: नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होताना कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबले की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर बोलू लागतो. पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत असेल तर ती तिथून चालवता येते. साउंड ड्रायव्हर बसला नसेल, तर मात्र दुकानदाराला आधी तोच टाकायला सांगावा लागतो.