विलंबाची स्मृती : ध्वनिसंस्कारक यंत्राची जडणघडण आणि खोडद

आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे सह्याद्रीचा कडा कोकणात तुटतो. अशा मुलखात १७० मीटरवरील कातळावर आदळलेली हाक सुमारे एका सेकंदाने परतते. हा सेकंद यंत्रात साठवायचा कोठे, हाच ध्वनिसंस्कारकाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. १९५७ च्या ‘ईएमटी १४०’मध्ये प्रतिनादाचे काम टांगलेला पोलादी पत्रा करी, १९७६ च्या ‘ईएमटी २५०’मध्ये ते अंकीय स्मृतीकडे आले. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, या हिशेबाने एक सेकंद ९६,००० बाइटांत मावतो. परिवर्तक नमुने स्मृतीत भरतो, ते उशिरा वाचले जातात, गुणक त्यांचे प्रमाण ठरवतो आणि मूळ ध्वनीत त्यांची बेरीज होते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतही हीच यंत्रांगे आढळतात. तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्याने एकच तरंग दोन टोकांना ८० मायक्रोसेकंदांपर्यंतच्या अंतराने पोचू शकतो. म्हणून आधी आलेला संकेत स्मृतीत थोपवून मगच गुणाकार केला जातो. संगीतात विलंब मुद्दाम ऐकवला जातो, येथे तो पुसला जातो. साधर्म्य वरवरचे नव्हे. येथील मूळ यंत्रणा खास चिपांवर चाले. २०१० च्या सुमारास तिची जागा सामान्य संगणकांच्या संचाने घेतली.