कंपन, कामगार आणि निकामी हात : वागळे इस्टेटच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटचा समावेश होतो. अशा वसाहतींचा विचार भूखंड, भांडवल आणि उत्पादन यांच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तेथे राबणाऱ्या हाताचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या हाताचा विचार कंपन या एकाच घटकाच्या आधारे करावयाचा आहे. यंत्राच्या कंपनाने हात बिघडतो, आणि पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातावर उपचार म्हणूनही कंपनच योजले जाते.

हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्यांची बोटे पांढरी पडून बधिर होतात, याची नोंद इटलीत लोरिगा यांनी १९११ मध्ये केली. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांची पाहणी करून हीच गोष्ट सविस्तर मांडली. दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्या कोणत्याही कामगाराला हा धोका असतो.

उपचाराची बाजू याहूनही जुनी आहे. लांबच्या आगगाडी-प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते, असे कंपवाताचे रुग्ण पॅरिसच्या डॉ. शार्को यांना सांगत. त्यावरून त्यांनी थरथरणारी खुर्ची तयार करविली आणि १८९२ मध्ये या उपचाराविषयी लिहिले. (देशातील पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ज्या ठाण्यात येऊन पोहोचली, तेथील आजच्या रोजच्या प्रवाशाला हे कितपत पटेल, हा प्रश्न वेगळा!) २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कंपन न देणाऱ्या खुर्चीत बसलेल्या रुग्णांतही तशीच सुधारणा दिसली. तेव्हा शार्को यांचा आशावाद जपूनच स्वीकारावा लागतो.

या विषयाला शास्त्रीय बैठक लाभली ती १९६६ मध्ये. स्वीडनचे हागबार्थ आणि एकलुंड यांनी दाखवून दिले की, स्नायूवर किंवा त्याच्या कंडरेवर कंपन दिले असता तो स्नायू आपोआप आकुंचन पावतो. स्नायूतील ताण टिपणाऱ्या सूक्ष्म ग्राहकांना कंपन हे ताणासारखेच भासते. त्यांचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो आणि त्या स्नायूला आकुंचनाचा, तर विरुद्ध बाजूच्या स्नायूला शिथिल होण्याचा आदेश मिळतो. पक्षाघातानंतर अनेकदा कोपर दुमडते व मूठ आवळली जाते. अशा वेळी दंडाच्या मागील, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूवर सेकंदाला साधारणतः ८० ते १०० कंपने काही मिनिटे देतात. ताठरपणा त्यामुळे काही काळ कमी होतो, असे छोट्या चाचण्यांतून आढळले आहे. हाताच्या प्रत्यक्ष कामात टिकाऊ फरक पडतो, याचा पुरावा मात्र अद्याप तोकडा आहे. कंपनाच्या गतीपुरते पाहिले तर कारखान्यातील हत्यार आणि उपचाराचे उपकरण परस्परांपासून फार दूर नाहीत. फरक आहे तो जोराचा, कालावधीचा, आणि ते उपकरण कोणासाठी चालते याचा.

पुनर्वसनाची व्यवस्था मुंबईत वागळे इस्टेटच्या आधीच उभी राहू लागली होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचे कार्य सुरू झाले. कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ मध्ये आली. वागळे इस्टेटमधील कामगार रुग्णालय हे याच योजनेचे अपत्य होय.

परंतु या योजनेने हाताकडे दोन वेगळ्या दृष्टींनी पाहिले, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. १९४८ च्या मूळ कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत (आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे) अंगठा गेल्यास अर्जनक्षमतेची हानी ३० टक्के धरली होती. अवयव जागेवर असूनही त्याचा वापर पूर्णतः व कायमचा नष्ट झाला, तर तो गमावल्यासारखाच मानावा, अशी टीपही तेथे होती. पॉवर प्रेसमध्ये निकामी झालेल्या हातासाठी या हिशेबाने आजन्म लाभ मिळे. तोच हात पक्षाघाताने निकामी झाला, तर तो सर्वसाधारणतः कामावरची दुखापत न ठरता आजार ठरे. अर्धांगवायूचा समावेश दीर्घकालीन ३४ आजारांच्या यादीत असे, आणि अटी पूर्ण करणाऱ्या विमेदाराला अलीकडच्या दरानुसार वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळे. पण कमाल दोन वर्षेच. दोन्ही हात ग्राइंडर धरण्यास सारखेच असमर्थ. अनुसूचीतील ती टीप पहिल्या हाताला लागू होई, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनंतरही मूठ उघडली नाही, तरी दुसऱ्याचा लाभ थांबत असे.