लसीकरण, वयोगटानुसार (भारतातील इतिहास)

लसीकरण, वयोगटानुसार : आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर लस देऊन विशिष्ट रोगांविरुद्ध प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) निर्माण करण्याची पद्धती. भारतात लसीकरणाचा भर प्रारंभी मुख्यतः बालकांवर होता. लशीचे संरक्षण कालांतराने घटते व मातेची प्रतिपिंडे गर्भाला मिळतात, हे स्पष्ट झाल्यावर त्याची कक्षा विस्तारली.

एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) यांनी इंग्लंडमध्ये १७९६ साली आठ वर्षांच्या मुलावर देवीच्या लशीचा प्रयोग केला. बगदाद व बसरामार्गे आलेली ही लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली व तिच्या दंडावरील फोडातील द्रव इतर मुलांना टोचला गेला. शीतकरणाची सोय नसल्याने लस अशीच एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेऊन टिकवावी लागे. त्यामुळे बालके लशीची लाभार्थी तशीच तिची वाहकही होती.

एकदा देवी काढल्यास जन्मभर संरक्षण मिळते, ही जेन्नर यांची समजूत पुढे चुकीची ठरली. पूर्वी लस घेतलेल्या प्रौढांनाही देवी येत असल्याचे आढळल्याने पुनर्लसीकरण सुरू झाले. जर्मनीत १८७४ च्या कायद्याने ते बाराव्या वर्षी सक्तीचे करण्यात आले. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला.

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. नवजात धनुर्वाताचा प्रश्न मात्र बालकाला लस देऊन सुटणारा नव्हता. अस्वच्छ साधनाने नाळ कापल्यास होणारा हा रोग जन्मानंतर थोड्याच दिवसांत उद्भवतो आणि तेवढ्या अवधीत बालकात पुरेशी प्रतिरक्षा निर्माण होत नाही. म्हणून १९८३ पासून गर्भवतींच्या लसीकरणाचा कार्यक्रमात अंतर्भाव झाला. याच्या जोडीला सुरक्षित प्रसूतीचा प्रसार झाल्याने २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाले. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात (१९८५) गोवराची लस समाविष्ट झाली. धनुर्वाताची पूरक मात्रा दहाव्या व सोळाव्या वर्षीही देण्यात येऊ लागली.

कोविड-१९ च्या साथीत हा क्रम उलटला. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना, १ मार्चपासून साठ वर्षांवरील व्यक्तींना व ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्तांना लस मिळू लागली. १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे लसीकरण १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. रोगाचा धोका ज्या वयात अधिक त्या वयाला अग्रक्रम, हे लसीकरणाचे तत्त्व यातून पुन्हा अधोरेखित झाले.