छोट्या गाडीचा वेग

होंडाने 1961 साली टोकियोजवळच्या टामा टेक या उद्यानासाठी एक बुटकी मोटरसायकल बनवली. 49 सीसीचं इंजिन, पाच इंची चाकं. गुडघे वर काढून बसलेला मोठा माणूस तिच्यावर माकडासारखा दिसायचा, म्हणून तिचं नाव पडलं मंकी. ती होती खेळणं, पण लोकांना एवढी आवडली की पुढे तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती निघाली.

आपल्याकडे छोट्या गाड्या आल्या त्या दोन वेगळ्या कारणांनी. 1972 साली कायनेटिकची लूना आली, इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर. 50 सीसी, पायडल, पेट्रोलची काटकसर. पुढच्याच वर्षी ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूर छोट्या चाकांच्या राजदूत जीटीएस 175 वर दिसला आणि त्या गाडीलाच लोक ‘बॉबी’ म्हणू लागले. लूना गरज होती, बॉबी हौस.

कोल्हापुरात या हौसेला हत्यारं मिळाली. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्री आणि लेथची दुकानं शेजारी शेजारी. मापाचा पार्ट बाजारात नसेल तर करून मिळतो. आमचं गडमुडशिंगी तिथून जवळच. त्यामुळे गावातल्या पोरांच्या तोंडी जेट, पोर्ट, स्प्रॉकेट हे शब्द शाळेच्या वयातच येतात.

माझा भाचा अकरावीत आहे. जुनी मोपेड उघडून बसलाय. “मामा, पंधरा हजार दे, बघ कशी पळवतो!” मी कोड लिहून पोट भरतो, पण डिग्री इंजिनिअरिंगची आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. समजा, गिअरच्या गाडीला पुढचं स्प्रॉकेट 14 ऐवजी 15 दातांचं लावलं. तेवढ्याच आरपीएमला वेग सात टक्के वाढतो. पण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळपास 23 टक्के जास्त. ती इंजिनात नसेल तर गाडी वर चढतच नाही. मग पोर्ट घासा, सायलेन्सर बदला. इंजिन सुधारतं, ब्रेक मात्र जुनेच राहतात. 50 ऐवजी 70 ने जाताना थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट झालेली असते.

कायदाही त्याला सांगितला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तशी पेट्रोलची नवी गाडी आज दुकानात शोधून सापडत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे माझ्या ताईला.

“मग वेग आवडणाऱ्या पोरानं करायचं काय?” त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर ट्रॅकवर आहे. एफआयएम मिनीजीपी ही छोट्या बाइकवरची मुलांची स्पर्धा 2022 पासून भारतात होते. कोल्हापुरातच मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. ट्रॅकवरही धोका संपत नाही: ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या शर्यतीत बंगळुरूचा 13 वर्षांचा गुणी रायडर गेला. पण तिथे निदान समोरून उसाची ट्रॉली येत नाही, आणि पडलेल्याला उचलायला माणसं तयार असतात.

पंधरा हजार मी देणार आहे. हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि ट्रॅकवरच्या फेऱ्यांसाठी. मोपेड त्याने खुशाल उघडावी, जोडावी, शिकावी. अठरा पूर्ण होईपर्यंत ती अंगणातच राहील, असं आमचं ठरलंय. चावी ताईकडे आहे.