मधली भाषा: कलीला व दिम्नापासून बाइटकोडपर्यंत

‘पंचतंत्र’ जगभर गेले, पण थेट गेले नाही. सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारातील हकीम बुर्झोय याने संस्कृतातून त्याचा पहलवीत तर्जुमा केला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने पहलवीवरून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ लिहिले. पुढे ग्रीक, हिब्रू, फारसी, स्पॅनिश अशा अनेक भाषांनी ते अरबीवरून घेतले. त्या तर्जुमाकारांना संस्कृत शिकावे लागले नाही. अरबी ही मधली भाषा झाली.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मधल्या भाषेचे मोल मला ठाऊक आहे. संगणकाच्या इतिहासातही अशीच एक मधली भाषा आहे. तिचे नाव बाइटकोड.

अडचण साधी होती. प्रत्येक जातीच्या संगणकाची यंत्रभाषा वेगळी असते. प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा ५ आणि संगणकाच्या जाती ६ असतील, तर ३० तर्जुमाकार हवेत. मधली भाषा ठेवली तर ११ पुरतात: ५ त्या भाषेत आणणारे आणि ६ तिच्यातून पुढे नेणारे. यासाठी एक काल्पनिक यंत्र ठरवायचे आणि त्याच्यासाठी आटोपशीर, आकड्यांतले हुकूम तयार करायचे. मग प्रत्येक खऱ्या संगणकावर ते हुकूम समजणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवला की काम झाले.

केंब्रिजचे मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास बीसीपीएल या भाषेसाठी ‘ओ-कोड’ नावाची मधली पायरी वापरली. पण ही कल्पना दूरवर नेली ती पास्कलने. झुरिचमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटाने पास्कलचा कंपायलर ‘पी-कोड’ या काल्पनिक यंत्रासाठी तयार केला. १९७४ साली त्याची माहिती देणारी जी पुस्तिका निघाली, तिच्या लेखकांत केशव नोरी हे भारतीय नाव आहे. हेच नोरी पुढे पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात काम करत होते. पी-कोडमुळे महागडे यंत्र नसलेल्या विद्यापीठांनाही पास्कल मिळाले. सॅन डिएगोच्या केनेथ बोल्स यांनी तोच मार्ग धरून छोट्या संगणकांवर पास्कल आणले, आणि १९७९ मध्ये ते ॲपल-२ वर पोहोचले.

त्यानंतर पाळी आली स्क्रिप्ट भाषांची. या भाषा मुळात घाईच्या कामासाठी होत्या. लिहिले की लगेच चालवायचे. जॉन औस्टरहौट यांची टीसीएल १९८८ साली बर्कलेत जन्मली. ती प्रत्येक ओळ मजकूर म्हणूनच वाचत असे, त्यामुळे तेच वाक्य हजार वेळा आले तर हजार वेळा उलगडायचे. १९९७ च्या टीसीएल ८.० ने पहिल्या वेळीच बाइटकोड करून ठेवायला सुरुवात केली आणि वेग वाढला. पायथॉनने आणखी सोय केली. आयात केलेल्या फाइलचा बाइटकोड ती शेजारीच साठवून ठेवते. ही साठवलेली फाइल एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकावर नेली तरी चालते.

इथवरची कहाणी उदारपणाची आहे. मात्र याच वाटेने दुसराही माल गेला. टीसीएलसाठी असे व्यापारी साधन निघाले की ग्राहकाला फक्त बाइटकोड द्यायचा आणि मूळ लिखाण आपल्याकडेच ठेवायचे. धंद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण ग्राहकाचे काय?

पायथॉनच्या साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीलाच आवृत्तीची खूण असते. पायथॉनची आवृत्ती बदलली आणि खूण जुळली नाही, तर ती फाइल बाजूला ठेवून मूळ लिखाणावरून नवी केली जाते. मूळ हाताशी नसेल तर प्रोग्रॅम थांबतो. म्हणजे बाइटकोड यंत्राच्या बंधनातून सुटतो, पण आवृत्तीच्या बंधनात अडकतो. स्थळ ओलांडणे त्याला जमते, काळ ओलांडणे कठीण जाते.

बुर्झोयचा पहलवी तर्जुमा आज उपलब्ध नाही. तरीही त्या गोष्टी वाचल्या, कारण अरबी वाचणारे कधी संपले नाहीत. बाइटकोडचा वाचक मात्र दर काही वर्षांनी बदलतो.

म्हणून शाळा, मदरसा, पतसंस्था किंवा वाचनालय यांच्यासाठी कुणाकडून प्रोग्रॅम करून घेत असाल, तर करारातच एक अट घाला: चालणाऱ्या फाइलबरोबर मूळ लिखाणाची प्रतही आमच्या ताब्यात हवी. हजेरी, फी, खाती, पुस्तकांची नोंद हे सारे आपले दफ्तर आहे. ते करून देणारा माणूस उद्या गाव सोडून गेला, तरी मूळ प्रत हाती असली की दुसरा जाणकार काम पुढे नेऊ शकेल. तर्जुमा अवश्य घ्या, पण असल गमावू नका.