पाणबुड्याचा श्वास कोणाच्या हाती?

१/ १७८२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, स्पिटहेड येथे ‘रॉयल जॉर्ज’ ही युद्धनौका बुडाली. १८३९ ते १८४३ या काळात कर्नल पासली यांच्या हाताखालील पाणबुडे तिच्या अवशेषांवर उतरत होते. त्यांचा ऑगस्टस सीबे यांच्या कारखान्यातील पोशाख पुढे शतकभर प्रमाण मानला गेला.

२/ हा पोशाख कोणालाही एकट्याने चढवता येत नसे. सहायक तो अंगावर चढवत, धातूचे शिरस्त्राण घट्ट बसवत आणि समोरची काच सर्वांत शेवटी लावत. वर नौकेवर हातपंप फिरे आणि नळीतून हवा खाली जाई. एकाच्या हाती दोर असे. दोराचे हिसके हीच भाषा. पाणबुड्याचा जीव वरच्या माणसांच्या दक्षतेवर टांगलेला असे.

३/ १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले. मार्न नदीतील चाचणीत कुस्तो उभे राहिले की हवा निसटून वाया जाई. दोष उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या जागेत होता. ती हलवताच तो दूर झाला.

४/ आता पाठीवर टाकी, तोंडात रेग्युलेटर आणि माशासारखा मुक्त संचार! मात्र नळीबरोबर वरचा पहारेकरीही गेला. जुळणीतील चूक वेळीच हेरणारे पहिले डोळे आता स्वतः पाणबुड्याचेच होते.

५/ आरंभीच्या अनेक संचांत उरलेली हवा दाखवणारा मापक नव्हता. त्याऐवजी ‘जे’ झडप असे. टाकीतील दाब सुमारे २० वातावरणांवर आला की श्वास जड होई. मग दांडी खाली ओढून राखीव हवा मोकळी करायची. पण दांडी आधीच खाली असली तर? इशारा मिळतच नसे. राखीव हवाही नकळत संपून जाई. बुडी घेण्यापूर्वी दांडी वर आहे ना, हे पाहणे म्हणजे जीव राखणे होते.

६/ मुख्य झडपेचीही एक गोष्ट आहे. ती पूर्ण उघडून पाव वळसा मागे फिरवण्याची जुनी प्रथा होती. एखाद्या मदतशील हाताने दिशा चुकून झडप आधी बंद केली आणि मग पाव वळसा उघडली, तर वर श्वास सुरळीत चाले. खोलवर मात्र हवा अपुरी पडे. आज अनेक प्रशिक्षक झडप पूर्ण उघडी ठेवायला सांगतात. मापकाकडे पाहत काही श्वास घ्यावेत. काटा डळमळला, तर झडप तपासावी.

७/ १९५३ मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन झाला. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने प्रशिक्षक घडवण्यास आरंभ केला. अशा प्रशिक्षणातून शिष्टाचार रुजला: आपला संच आपणच जुळवावा, मग जोडीदाराने तो तपासावा. दुसऱ्याच्या झडपेला न विचारता हात लावू नये. काही बदलले, तर त्याला सांगावे.

८/ तारकर्ली-मालवणच्या समुद्रात प्रथमच बुडी घेणाऱ्या पर्यटकाचा संच मार्गदर्शकच जुळवतो. त्या घटकेपुरती व्यवस्था पुन्हा ‘रॉयल जॉर्ज’च्या काळातली होते: श्वास एकाचा, दक्षता दुसऱ्याची. प्रशिक्षित पाणबुड्याला मात्र ती सवलत नाही. जोडीदाराची तपासणी ही दुसरी नजर आहे. पहिली नजर त्याची स्वतःचीच असावी लागते.