आधीच ठरलेलं?

सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि मग ते कोणालाच पुसता येत नाही, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलंय. पण सटवाई लिहिते ते या जन्माचं. ख्रिस्ती धर्मशास्त्रातला वाद त्याच्या पुढचा आहे. कोणाचं तारण होणार हे देवाने जगाच्या आधीच ठरवलं का? आणि ठरवलं, तर माणसात काही पाहून, की निव्वळ आपल्या मर्जीने? 'मर्जीने' म्हणणारे ते बिनशर्त निवड मानणारे, म्हणजे मुख्यतः कॅल्विनचे अनुयायी. हॉलंडमध्ये आर्मिनियसचे शिष्य म्हणाले की कोण विश्वास ठेवील हे आधी पाहून देव निवडतो. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने त्यांचं म्हणणं फेटाळलं.

याचा आपल्या अंधेरी-बोरिवलीशी काय संबंध म्हणाल, तर आहे!

अंधेरीत सीप्झच्या कुंपणाआड सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. ते जेझुइटांनी १५७९ साली बांधलं. पुढे १५८८ मध्ये याच संघाच्या लुइस दे मोलिनाचा ग्रंथ लिस्बनला छापला गेला. त्याचं सार असं: कृपा देवाची, पण तिला हो म्हणायचं की नाही हे माणसाच्या हाती, देवाला ते आधी ठाऊक असतं, इतकंच. डोमिनिकन खवळले. रोममध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आणि १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच तो मिटवला. (आपल्याकडच्या कोर्टांची आठवण झाली ना?)

म्हणजे माणसाच्या होकाराला इतकी किंमत देणारा संघ साष्टीत आला. पण आला पोर्तुगीज सत्तेच्या छायेत. बोरिवलीचं मंडपेश्वर लेणं फ्रान्सिस्कनांनी चर्च करून टाकलं होतं. गोव्यात १५५९ पासून अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती करण्यासाठी ताब्यात घ्यायचा कायदा होता. अशा राज्यात कोळ्या-कुणब्याचा होकार कितपत मोकळा असणार? मात्र १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली, पोर्तुगीजांचा धाक संपला, आणि तरी बरीचशी कुटुंबं चर्चमध्येच राहिली. आजच्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांचे ते पूर्वज. हा होकार मला खरा वाटतो.

आता दुसरं टोक. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले. न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी वळणाची माणसं. सगळं ठरलेलंच असेल, तर एवढे समुद्र ओलांडून यायचं कशाला? त्यांच्या पंथाचं उत्तर असं, की निवडलेले कोण हे आपल्याला कळत नाही, आणि देव त्यांना बोलावतो तो उपदेशातूनच. सत्ता पाठीशी नव्हतीच, कंपनी सरकार उलट त्यांनाच परत धाडायला निघालं होतं. मग राहिलं काय? मराठी शिकणं, रस्त्यात उभं राहून बोलणं, शाळा काढणं. १८२४ मध्ये त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात कॉलऱ्याने गेला. तोवर हाती फारसं कोणी लागलं नव्हतं.

या मताचा खरा काटा मात्र नव्या मराठी ख्रिस्त्यांना टोचला असणार. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटिश. त्यांच्या चर्चचा १६४७ चा वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब निवडीबाहेरच्यांना, आणि ख्रिस्ती नसलेल्यांना, काहीच आशा देत नाही. विल्सनच्या संस्थेत शिकलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावात ख्रिस्ती झाले. अशा प्रत्येकामागे आजी-पणजोबांची रांग होती. ज्यांच्या कानावर येशूचं नावही गेलं नाही, ते सगळे न निवडलेले? स्कॉटलंडमध्ये बहुतेकांचे पणजोबाही ख्रिस्तीच, त्यामुळे तिथे हा प्रश्न पुस्तकातच राहू शकत होता. मी ख्रिस्ती नाही, पण आमच्याकडे पितृपक्षात पान वाढलं जातं, म्हणून मला तो पुस्तकी वाटत नाही.

१८९२ मध्ये विल्सनच्या फ्री चर्चने जाहीर केलं, की बालपणी मेलेलं कोणी नष्ट होतं असं आम्ही मानत नाही, आणि नेहमीच्या साधनांपलीकडे राहिलेल्यांवरही देव दया करू शकतो. यावरून काही कडवे लोक चर्चमधून फुटून निघाले. विल्सन तर १८७५ मध्येच वारले होते. पदमनजींच्या बाप्तिस्म्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.